शेठजींची बाग

विदर्भातील कोणत्याही जुन्या बाजारपेठेच्या गावी जावे, तेथे एक धर्मशाळा, एक विहीर, एक देऊळ आणि एक हायस्कूल ही चार ठिकाणे बहुधा एकाच घराण्याने बांधलेली आढळतात. दारावर संगमरवरी पाटी, पाटीवर दात्याचे नाव, त्याखाली त्याच्या वडिलांचे आणि शेवटी संवताचा आकडा. गावाला त्यात काही वावगे वाटत नाही. पैसा ज्याचा, नाव त्याचे, असा आपल्याकडचा साधा सरळ हिशेब आहे. व्यापारी आधी पैसा मिळवतो, मग नगरपालिकेत किंवा कौन्सिलात जातो आणि उतारवयात गावाला काहीतरी देऊन जातो. ही वाट इतकी मळलेली आहे की, तिच्यावरून चालणाऱ्या माणसाची कोणी चौकशीही करीत नाही.

वर्धा हे गाव मात्र या हिशेबात नीटसे बसत नाही. या गावाला जमनालाल बजाज यांनी जितके दिले, तितके क्वचितच एखाद्या शेठाने आपल्या गावाला दिले असेल. त्यांच्या घराण्याचे नाव चौकाला आहे, महाविद्यालयाला आहे. परंतु ज्या जागांमुळे वर्धा हे नाव हिंदुस्थानभर झाले, त्या जागांच्या नावांत जमनालालजी सापडत नाहीत. मगनवाडी मगनलाल गांधींच्या नावाची. सेवाग्राम सेवेच्या नावाचे. पवनारचा आश्रम परंधाम, शाळा नवभारत विद्यालय, मुलींची संस्था महिलाश्रम. या सर्व ठिकाणी जमीन, घर, पैसा किंवा खटपट यांपैकी काही ना काही त्यांचे आहे. नाव मात्र दुसऱ्याचे, किंवा कोणाचेच नाही.

त्यांच्या या सर्व दानांत मगनवाडीचे दान मला नेहमी विचारात पाडत आले आहे. तसे पाहिले तर ती एक बाग होती, शहराला लागून असलेली, संत्र्यांच्या झाडांची. एका कापसाच्या व्यापाऱ्याने ती ज्या मंडळींच्या हवाली केली, त्यांनी तेथे तेलाची घाणी मांडली, हातकागद केला, गुळाची आणि हातसडीच्या तांदळाची थोरवी सांगितली आणि यंत्राच्या कारखानदारीने खेड्याचे कसे नुकसान होते ते जगाला पटवून देण्याचा उद्योग आरंभिला. देणारा स्वतः कारखानदार होता. ही गोष्ट कशी घडली आणि तिचा अर्थ काय, हे पाहण्यासारखे आहे.

त्यासाठी आधी वर्धा गाव समजून घेतले पाहिजे. हे काही पुराणप्रसिद्ध नगर नव्हे. इंग्रजांनी 1862 मध्ये नागपुरातून वेगळा जिल्हा काढला आणि 1866 च्या सुमारास पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आखीव रस्त्यांचे हे शहर वसवले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि साहेबांची नजर वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या जमिनीकडे वळली. हिंगणघाटचा कापूस आधीच नामांकित होता. मुंबईहून निघालेली आगगाडी वर्ध्यावरून नागपूरला 1867 मध्ये पोचली आणि या प्रदेशाचे दैव त्या रुळांना बांधले गेले. लोहमार्गाच्या कडेने जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, त्यांच्या मागोमाग राजस्थानातून आलेल्या पेढ्या आल्या. शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी पैसा पाहिजे असे, तो पेढीवरून मिळे. वेचणीनंतर कापूस त्याच पेढीकडे येई. भाव लिव्हरपूलला ठरे, मुंबईला कळे आणि वर्ध्याच्या शेतकऱ्याला सर्वांच्या शेवटी समजे. या तीन ठिकाणांमधील अंतरातच पेढ्यांची संपत्ती उभी राहिली. असे म्हणण्यात कोणावर दोषारोप करण्याचा हेतू नाही. तो काळ आणि तो व्यवहारच तसा होता. परंतु दानाची गोष्ट सांगताना धनाचा उगम झाकून ठेवणे बरे नव्हे.

शेठ बच्छराज बजाज यांची पेढी ही अशांपैकीच एक. त्यांचा मुलगा अकाली गेला होता, घरात वारस नव्हता. सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात त्यांच्याच नात्यातील कनीराम नावाचे गृहस्थ राहत. त्यांचा धाकटा मुलगा जमनालाल, जन्म 4 नोव्हेंबर 1889. पाच वर्षांचा असताना, 1894 मध्ये, हा मुलगा बच्छराजांच्या घरी नातू म्हणून दत्तक आला. त्या वेळची एक हकीकत त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. मुलाच्या बदल्यात पैसे घेण्यास आईबापांनी नकार दिला, तेव्हा गावासाठी एक विहीर खणून द्यावी असे ठरले. मारवाडच्या वाळूत पाण्याची किंमत काय असते हे ज्याला माहीत आहे, त्याला या मागणीचे मोल सांगावयास नको. मुलगा एका घरचा गेला आणि पाणी साऱ्या गावाला मिळाले.

वर्ध्यात या मुलाचे शिक्षण मराठी शाळेत झाले, तेही चार-पाच वर्षेच. पुढे पेढीची गादी हीच त्यांची शाळा. आम्हा मास्तर मंडळींना ही गोष्ट जरा लागते. परंतु पुढे याच माणसाने महाराष्ट्रात आणि बाहेर किती शाळांना हात दिला हे पाहिले, म्हणजे शाळेचे मोल शाळेत न गेलेल्यालाच अधिक कळते की काय, असे वाटू लागते. 1902 मध्ये जानकीदेवींशी त्यांचे लग्न झाले. वराचे वय बारा, वधूचे नऊ.

1907 साली, सतराव्या वर्षी, त्यांच्या आयुष्यात एक प्रसंग घडला. एका लग्नाला जाताना अंगावर दागिने घालण्यावरून आजोबा रागावले, आणि रागाच्या भरात पैशाचा उल्लेख करून गेले. नातवाने घर सोडले आणि स्टँपच्या कागदावर लिहून पाठवले की, तुमच्या संपत्तीवर माझा कसलाही हक्क नाही, अंगावरच्या कपड्यांखेरीज मी काही घेतलेले नाही. आजोबांनी समजूत घालून त्यांना परत आणले. त्याच वर्षी बच्छराज वारले आणि सारी इस्टेट या मुलाच्याच हाती आली. कायद्याने ती त्यांची झाली. मनाने मात्र त्यांनी त्या कागदावरची सही कधी पुसली नाही. जे आपण सोडून दिले होते ते आपल्याकडे केवळ सांभाळायला आलेले आहे, ही भावना त्यांच्या पुढील साऱ्या आयुष्यात दिसते. गांधीजींनी धनिकांना विश्वस्त होण्याचा उपदेश पुढे केला. जमनालालजींना तो ऐकताना नवा वाटला नसावा. त्यांनी त्याचे मसुदापत्र आधीच लिहून ठेवले होते.

पहिल्या देणगीची गोष्टही याच सुमाराची. टिळकांच्या ‘केसरी’ची हिंदी आवृत्ती नागपूरहून माधवराव सप्रे काढीत होते. जमनालालजींना घरून रोज एक रुपया हातखर्चाला मिळे. त्यातून साठवलेले शंभर रुपये त्यांनी या पत्राला दिले. पुढे लाखांनी दिले, पण त्या शंभरांचे सुख त्यांना निराळेच वाटत असे.

राजकारणात ते आले तेही आडवाटेनेच. सरकारने त्यांना ऑनररी मॅजिस्ट्रेट केले होते, पहिल्या महायुद्धाच्या काळात रायबहादूर ही पदवीही दिली. त्या दिवसांत एखाद्या तरुण व्यापाऱ्याची याहून अधिक महत्त्वाकांक्षा काय असणार? परंतु 1915 मध्ये गांधीजी आफ्रिकेतून परत आले आणि जमनालालजींचे मन तिकडे ओढ घेऊ लागले. डिसेंबर 1920 च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. वय एकतीस. त्याच अधिवेशनात त्यांनी गांधीजींना, मला तुमचा पाचवा मुलगा माना, अशी विनंती केली. विचार करण्याजोगी गोष्ट आहे. पाचव्या वर्षी ज्याला दुसऱ्याच्या घरी दत्तक दिले, त्याने एकतिसाव्या वर्षी आपण होऊन दुसऱ्यांदा दत्तक जावे! पहिल्या दत्तकात त्याला इस्टेट मिळाली होती, दुसऱ्या दत्तकात ती खर्ची घालायची होती.

रायबहादुरी परत गेली. वकिली सोडणाऱ्या वकिलांच्या घरच्या चुली बंद पडू नयेत म्हणून त्यांनी 1 लाख रुपये दिले. काँग्रेसच्या खजिनदारीचे काम त्यांच्याकडे आले आणि ते बहुतेक अखेरपर्यंत राहिले. साबरमतीसारखा आश्रम वर्ध्याला व्हावा असा त्यांनी आग्रह धरला, त्यामुळे 8 एप्रिल 1921 रोजी विनोबा वर्ध्यास आले. 1923 साली नागपूरच्या झेंडा सत्याग्रहाचे पुढारीपण त्यांनी घेतले आणि अठरा महिन्यांची शिक्षा व दंड पत्करला. सत्याग्रह मिटल्यावर त्याच वर्षी सुटका झाली. पुढे 1930 मध्ये विलेपार्ल्याच्या छावणीतून, 1932 मध्ये, 1939 मध्ये जयपूर संस्थानात प्रजामंडळाच्या लढ्यात आणि नंतर वैयक्तिक सत्याग्रहात, असे तुरुंगाचे दरवाजे त्यांनी अनेकदा पाहिले. जयपूरची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांची जन्मभूमी तिकडे, कर्मभूमी इकडे, आणि जेलची भाकरी त्यांनी दोघींसाठी खाल्ली.

खजिनदार म्हणून त्यांच्या हातून इतरांचा पैसा जात होता आणि दाता म्हणून स्वतःचा. या दोन वह्या ज्याने वेगळ्या ठेवल्या तोच सार्वजनिक कामात टिकतो. राजकारणात आलेल्या व्यापाऱ्याची कसोटी येथेच लागते. बहुतेकांचा व्यापार राजकारणाच्या आधाराने वाढतो. जमनालालजींच्या पेढीला राजकारणाने सरकारची अवकृपा आणि मालकाची गैरहजेरी हे दोनच लाभ करून दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

बच्छराजांनी बांधलेले लक्ष्मीनारायणाचे मंदिर वर्ध्यात आहे. जुलै 1928 मध्ये जमनालालजींनी ते अस्पृश्यांना खुले केले. सनातन्यांचा विरोध झाला, जातीतही कुरबूर झाली. त्यांनी माघार घेतली नाही. त्या काळी एका खाजगी मालकीच्या देवळाने असे करणे ही मोठी गोष्ट होती आणि देशभर तिचा बोलबाला झाला. तथापि, येथे थोडे थांबून दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आदल्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला होता. 1930 मध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ते वर्षानुवर्षे चालूनही दार उघडले नाही. 1935 मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी, वर्ध्याहून सकाळच्या गाडीने दुपारच्या आत पोचता येईल अशा नागपुरात, लाखो लोकांनी बुद्धाला शरण जाऊन तो शब्द खरा केला. वर्धा जिल्ह्यातील किती तरी घरे त्यात होती. मालकाने उदार मनाने उघडलेले दार आणि आपल्या हक्काने ओलांडलेला उंबरठा यांत अंतर आहे. ते अंतर कितीही मोठा दाता एकट्याने भरून काढू शकत नाही. जमनालालजींचे मोठेपण कबूल करतानाच हेही कबूल केले पाहिजे. दानाची ही पहिली सीमा होय.

दुसरी सीमा मगनवाडीत दिसते.

1930 मध्ये दांडीला निघताना गांधीजींनी साबरमती सोडली. तुरुंगवास संपल्यावर 1933 च्या सप्टेंबरात ते वर्ध्यास आले. ऑक्टोबर 1934 च्या मुंबई काँग्रेसने ग्रामोद्योगासाठी वेगळी संस्था काढण्याचा ठराव केला आणि त्याच अधिवेशनानंतर गांधीजी काँग्रेसच्या सभासदत्वातून बाजूस झाले. 14 डिसेंबर 1934 रोजी वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याच्यासाठी जमनालालजींनी आपली बाग घरासह देऊन टाकली. मगनलाल गांधी 1928 मध्ये निवर्तले होते. त्यांच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी झाले. 1935 च्या आरंभी गांधीजी तेथे राहावयास गेले. संघाची धुरा जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होती. हिशेबतपासनीस म्हणून विलायतेत शिकलेला हा माणूस आता खेड्यातल्या तेल्याचा, चांभाराचा आणि कुंभाराचा जमाखर्च मांडू लागला.

त्यांत तेलाचा जमाखर्च सर्वांत बोलका होता. खेड्यातली तेलघाणी आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिलेली आहे. लाकडाचे जमिनीत रोवलेले उखळ, त्यात फिरणारी लाट, डोळ्यांवर पट्टी बांधलेला बैल आणि जवस, तीळ किंवा भुईमुगाच्या दाण्यांचा तो कोंदट गोड वास. आमच्या या भागात जवसाचे तेल घरोघरी चाले. शेतकरी आपला जवस तेल्याकडे नेई, तेल घरी आणी आणि पेंड गोठ्यात जाई. तेल्याची मजुरी तेलात किंवा पेंडीतच भागे. पेंड खाऊन गाय दूध देई, शेण शेतात पडे. असा हा फेरा बैलाच्या फेऱ्यासारखाच गावातल्या गावात फिरत असे.

गिरणी आली आणि फेरा तुटला. गिरणी जास्त तेल काढते, लवकर काढते आणि स्वस्त देते, हे खरेच. परंतु तिच्यासाठी बी गावातून बाहेर जाते. तेल डब्यात भरून परत येते, तेही पैसे मोजून. पेंड परत येतच नाही. ती कोठल्या तरी बंदराच्या वाटेला लागते. तेली मजूर होतो, गाय उपाशी राहते, जमीन खंगते. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले, ही आपली म्हण या अर्थशास्त्राला अक्षरशः लागू पडते! घाणीचे तेल महाग पडते ते का, असा प्रश्न ग्राहक विचारतो. कुमारप्पांचे म्हणणे असे की, गिरणीचे तेल स्वस्त पडते ते कोणाच्या जिवावर, हा प्रश्नही त्याच वेळी विचारावा.

मगनवाडीत केवळ व्याख्याने झाली नाहीत. झवेरभाई पटेल यांनी निरनिराळ्या प्रांतांतल्या घाण्या अभ्यासल्या आणि अधिक दाणा घेणारी, बैलाला सोपी जाणारी सुधारलेली घाणी तयार केली. ती मगनवाडी घाणी किंवा वर्धा घाणी या नावाने देशभर गेली. दिव्याच्या तेलाचाही विचार झाला. 1928 मध्ये बर्मा-शेल ही जोडकंपनी उभी राहिली होती आणि रॉकेलचा डबा खेड्याखेड्यांत पोचला होता. घासलेटचा कंदील हा त्या काळी सुधारणेचा पुरावा मानला जाई. मगनवाडीने रॉकेलऐवजी झाडाच्या बियांच्या तेलावर जळणारा कंदील बनवला, त्याला मगनदीप म्हणत. खेड्याच्या उजेडाचा पैसाही खेड्यातच राहावा, एवढाच त्यामागचा विचार. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते येथे मगन संग्रहालय उघडले. त्यात राजेरजवाड्यांच्या तलवारी नव्हत्या. चरखे, घाण्या, जाती आणि हातकागद होता.

आता देणाऱ्याकडे वळू. 1931 मध्ये, म्हणजे मगनवाडीच्या आधी तीनच वर्षे, जमनालालजींनी संयुक्त प्रांतात गोला गोकर्णनाथ येथे हिंदुस्थान शुगर मिल्स हा साखर कारखाना काढला होता. इकडे त्यांच्याच बागेत बसून संघाची मंडळी लोकांना सांगत होती की, गिरणीची पांढरी साखर सोडा आणि गावचा गूळ खा. हा विरोध लहानसहान नव्हे. टीकाकाराने याला दुटप्पीपणा म्हणावे आणि भक्ताने यावर पांघरूण घालावे, या दोन्ही गोष्टी सोप्या आहेत. खरी गोष्ट या दोहोंच्या मधली आहे. जमनालालजींनी कारखाना सोडला नाही. आणि कारखान्याविरुद्ध बोलणाऱ्यांचे तोंड बंद करण्यासाठी आपल्या दानाचा कधी उपयोग केला नाही, हेही तितकेच खरे.

ही दुसरी गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. दाता आणि संस्था यांचा संबंध ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना ती कळेल. बहुतेक संस्थांत दात्याचा फोटो भिंतीवर लागतो त्या दिवसापासून त्या भिंतीआड काय बोलावे आणि काय बोलू नये हे आपोआप ठरत जाते. कोणी हुकूम द्यावा लागत नाही. एखाद्या माणसाने आपल्या धंद्याच्या मुळावर घाव घालणाऱ्या विचाराला आपलीच जागा द्यावी, त्याला खायला घालावे, आणि त्याच्याकडून आपल्याला दोषमुक्तीचे प्रमाणपत्र मागू नये, याला वेगळ्या प्रतीचे धैर्य लागते. तो विचार आपल्याला पूर्णपणे आचरता येत नाही, पण तो या जगात उच्चारला जावा, टिकावा आणि जमल्यास आपल्यालाही बदलावा, अशी काहीशी त्यांची धारणा असली पाहिजे. धनवानाच्या नम्रतेचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

शेगावची गोष्टही अशीच. वर्ध्यापासून पाच मैलांवरच्या या खेड्याच्या मालगुजारीत जमनालालजींचा मोठा हिस्सा होता. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी मगनवाडी सोडून तेथे राहावयास गेले. विदर्भात दुसरे शेगाव असल्याने टपालाचा घोटाळा होई, म्हणून 1940 मध्ये या गावाचे सेवाग्राम झाले. मालगुजार आणि रयत यांचे नाते काय असते ते या भागातील जुन्या माणसांना सांगावयास नको. त्या गावात गांधीजी झोपडीत राहिले आणि गावचा मालगुजार त्यांना भेटायला धुळीच्या रस्त्याने येत राहिला. यामुळे मालगुजारी मोडली नाही. ती 1951 मध्ये कायद्याने मोडली. परंतु मालकीचा ताठा मोडला, आणि तो कायद्याने मोडत नसतो.

गांधीजी आले म्हणून वर्ध्याला सारा देश आला. बजाजवाडीत काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठका भरत, नेहरू, पटेल, राजेंद्रबाबू, मौलाना उतरत. 1936 मध्ये राष्ट्रभाषा प्रचार समिती येथे निघाली. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून झाकीर हुसेन समिती निघाली. मुलांना सात वर्षे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि हाताच्या उद्योगातून द्यावे, हा विचार वर्धा योजना म्हणून देशभर गेला. 1938 मध्ये विनोबांची प्रकृती ढासळली, तेव्हा त्यांना धाम नदीच्या काठचा आपला पवनारचा बंगला जमनालालजींनीच राहावयास दिला. एका तालेवार माणसाची हवा खाण्याची जागा, ती पुढे भूदानाच्या यात्रेचे माहेर झाली.

अखेरचे वर्ष मात्र विलक्षण आहे. 1941 मध्ये तुरुंगातून सुटून आल्यावर त्यांचे मन कशातच रमेना. राजकारणातून त्यांना बाजूस व्हायचे होते. गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी गोसेवेचे काम हाती घेतले, त्या वर्षाच्या सप्टेंबरअखेर गोसेवा संघ निघाला. वर्ध्याजवळ गोपुरी येथे साध्या झोपडीत ते राहू लागले. पेंड, चारा, दूध, शेण हा आता त्यांचा विषय झाला. मगनवाडीच्या घाणीचा फेरा येथे पुरा होतो असे म्हटले तरी चालेल. ज्या व्यापाऱ्याच्या बागेत पेंड गावात राहावी असे सांगितले गेले, तोच आता ती पेंड खाणाऱ्या गाईपाशी येऊन बसला होता. 11 फेब्रुवारी 1942 रोजी मेंदूतील रक्तस्रावाने अकस्मात त्यांचे निधन झाले. वय बावन्न. त्यानंतर पाचच महिन्यांनी, 14 जुलै 1942 रोजी, वर्ध्याच्या बैठकीत इंग्रजांना चालते व्हा म्हणणारा ठराव कार्यकारिणीने केला. जानकीदेवींनी गोसेवेचे व्रत पुढे चालवले आणि भूदानात कूपदानाचा, म्हणजे विहिरींचा, ध्यास घेतला. 1956 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. काशी का बासच्या त्या विहिरीची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

पुढे काय झाले? थोरले चिरंजीव कमलनयन यांनी व्यापार वाढवला आणि 1957, 1962 व 1967 या तीन निवडणुकांत वर्ध्यातून लोकसभेवर निवडून गेले. 1953 मध्ये त्यांनी केसांना लावावयाच्या तेलाची कंपनीही काढली. ज्या गावात घाणीच्या तेलाचा प्रचार झाला, त्या गावच्या घराण्याचे बाटलीतले तेल देशभर विकले गेले! मगनवाडीच्या जागेत खादी ग्रामोद्योगाची संशोधनसंस्था निघाली, तिला जमनालाल बजाज यांचे नाव दिले गेले. त्या आवारात त्यांचे नाव लागले ते एवढेच. 2008 च्या सुमारास संस्थेची पुनर्रचना झाली आणि तिला महात्मा गांधींचे नाव आले. पाचवा मुलगा पुन्हा एकदा बापाच्या नावामागे गेला. त्यांना त्याचे वाईट वाटले नसते, अशी माझी खात्री आहे.

घाणी मात्र हरली. आधी वनस्पती तुपाचे डबे आले, मग रिफाइंड तेलाचे पाऊच आले. जवसाचे तेल तर या पिढीला ठाऊकही नाही. आज शहरांतून लाकडी घाण्याच्या तेलाची दुकाने निघाली आहेत. तेथे लाट विजेच्या मोटारीवर फिरते आणि सुखवस्तू माणसे डॉक्टरांच्या सल्ल्याने ते महाग तेल विकत घेतात. तेल परत आले, पण तेली परत आला नाही, पेंडही नाही. आणि कापूस? ज्या कापसावर वर्ध्याच्या साऱ्या पेढ्या उभ्या राहिल्या, त्या कापसाच्या शेतकऱ्याचे काय झाले ते आपण पाहतो आहोत. 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले. त्या सहांत वर्धा होता. गांधीजी, विनोबा आणि जमनालालजी यांचा जिल्हा!

यावरून कोणी म्हणेल की, मग या साऱ्या दानाचा उपयोग काय झाला? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. माझे उत्तर एवढेच की, दानाने व्यवस्था बदलत नाही. ते काम कायद्याचे, चळवळीचे आणि ज्यांचे पोट त्यावर आहे त्यांच्या एकजुटीचे. मंदिराचे दार असो, मालगुजारी असो की कापसाचा भाव, दात्याच्या सद्भावनेवर विसंबून यांतले काही कायमचे सुटले नाही. परंतु व्यवस्थेविरुद्ध बोलावयाचे असेल तर बोलणाऱ्याला बसावयास जागा लागते, आणि ती जागा कोणीतरी द्यावी लागते. जमनालालजींनी ती दिली. अटी न घालता दिली, आणि तिच्यात बसून काय बोलले गेले त्यावर मालकी सांगितली नाही.

गोपुरीला आज गीताई मंदिर आहे. विनोबांच्या गीताईचे अठरा अध्याय दगडी शिळांवर कोरून त्या उघड्यावर उभ्या केलेल्या आहेत. 7 ऑक्टोबर 1980 रोजी विनोबांनीच त्याचे उद्घाटन केले. त्याला छप्पर नाही, गाभारा नाही, आत मूर्तीही नाही. वर्ध्याची मुले तेथे सहलीला जातात, शिळांमधून लपाछपी खेळतात आणि परतताना गोरसपाक घेऊन खातात. त्यांना जमनालालजी कोण हे शाळेत एखाद्या धड्यापुरते सांगितले जाते. आता आमच्या जिल्ह्यात नवे दाते आहेत. त्यांची महाविद्यालये आहेत, रुग्णालये आहेत आणि पाट्याही भरपूर आहेत. त्यांनी द्यावे, गावाने घ्यावे. मात्र घेताना गावाने एक गोष्ट विचारून घ्यावी, की या इमारतीत बसून तुमच्या धंद्याबद्दल खरे बोलता येईल काय? वर्ध्याला हा प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. त्याचे उत्तर या गावाने एकदा, एका संत्र्याच्या बागेत, ऐकलेले आहे.